उज्ज्वलाबाईंची धडधड

फोन आला तेव्हा उज्ज्वलाबाई भोईटे दहावीच्या मुलींना संभाव्यता शिकवत होत्या. साताऱ्यातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत गेली पंचवीसेक वर्षं गणिताची शिकवणी चालत आली होती. नाणं किती वेळा उडवलं, किती वेळा छापा पडला, मुली वहीत मांडत होत्या. पुण्याच्या एका रुग्णालयातून बोलणारी बाई फार मऊ आवाजात म्हणाली, "तुमचा चार वर्षांपूर्वीचा पोटाचा स्कॅन आमच्या संगणकानं पुन्हा वाचला. घाबरण्यासारखं नाही, पण एकदा येऊन जाल का?"

राज्यभरातल्या रुग्णालयांत साठलेले जुने स्कॅन यंत्राकडून पुन्हा वाचून घ्यायचं काम त्या वर्षी सुरू झालं होतं. परवानगी विचारणारा संदेश आला तेव्हा उज्ज्वलाबाईंनी 'हो'वर बोट ठेवलं होतं आणि विसरून गेल्या होत्या. चार वर्षांपूर्वी त्यांना मूतखडा झाला होता, तेव्हाचा तो स्कॅन. खडा पडून गेला, फाइल माळ्यावर गेली.

संध्याकाळी त्यांनी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली. जयसिंगराव साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "धडधड झाली का तुला, फोन आला तेव्हा?"

"नाही."

"मग काही नाही," म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला.

भोईट्यांच्या घरात उज्ज्वलाबाईंच्या धडधडीला फार मान होता. ती कधीही, न सांगता यायची. आधी मानेमागून गारवा चढायचा, मग चेहरा पांढराफटक पडायचा, घामानं ब्लाउज भिजायचा आणि छातीत असं काही ठोकायला लागायचं की शेजारी बसलेल्याला गळ्याजवळची शीर उडताना दिसावी. त्याबरोबर भीती. कशाची ते सांगता येत नसे. फक्त काहीतरी फार वाईट होणार आहे एवढं पक्कं वाटायचं. पाव-अर्ध्या तासात सगळं ओसरायचं. डॉक्टरांनी कधी पाळी जाण्याचं वय म्हटलं, कधी मनावरचा ताण. एकानं झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या.

घरच्यांनी मात्र तिचा वेगळाच अर्थ लावला होता, आणि त्याला कारण होतं. मुलगी केतकी शाळेत असताना जयसिंगराव एकदा कारखान्याच्या जीपनं कोकणात निघाले होते. बॅग भरून झाली आणि उज्ज्वलाबाईंना धडधड आली. त्यांनी नवऱ्याचा हात धरला तो सोडेचनात. जीप त्यांच्याशिवाय गेली. दुपारी घाटात दरड कोसळली आणि जीपमधला एकही माणूस वाचला नाही. त्यानंतर घरातलं कुठलंही मोठं काम उज्ज्वलाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिल्याशिवाय पुढे सरकलं नाही. ठरलेला प्लॉट सोडला, एक सहल रद्द झाली, जयसिंगरावांची बढतीची बदली नाकारली गेली.

आणि आलोक पोतदार.

सहा वर्षांपूर्वी केतकीनं त्याला घरी आणलं होतं. हसरा, उन्हानं रापलेला मुलगा. पवनचक्क्यांच्या मनोऱ्यांवर चढून पाती दुरुस्त करायचं काम करायचा. त्याचे आईवडील सोबत होते, गप्पा रंगल्या होत्या. उज्ज्वलाबाई चहा आणायला आत गेल्या आणि परत आल्या त्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यानं, दाराला धरून. बशीवर कप थडथडत होता. केतकीनं आईकडे पाहिलं, मग आलोककडे पाहिलं. आठ दिवसांनी तिनंच त्याला नाही म्हणून कळवलं. कुणी तिला तसं म्हण म्हटलं नव्हतं.

*

पुण्याला केतकी सोबत आली. ती तिथेच पुलांची आरेखनं तपासणाऱ्या कंपनीत होती, एकटी राहायची. डॉ. नसीम मुजावर पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ढकलून बोलणाऱ्या बाई. मूळच्या मिरजेच्या, 'साताऱ्याहून आलात ना' म्हणत त्यांनी आधी गाडीला किती गर्दी होती ते विचारलं आणि मग पडद्यावर एक करडं चित्र आणलं.

"हे तुमचं उजवं मूत्रपिंड. त्याच्या डोक्यावर टोपीसारखी बसलीय ती अधिवृक्क ग्रंथी. आणि त्या ग्रंथीत ही गाठ. तेव्हा सुपारीएवढी होती."

"तेव्हाच्या डॉक्टरांना दिसली नाही?" केतकीनं विचारलं.

"दिसली असणार. पण अशा गाठी पुष्कळ लोकांना असतात, आणि बहुतेक अगदी निरुपद्रवी. डोळ्याला सगळ्या करड्याच दिसतात. शिवाय ते खडा शोधत होते." त्या उज्ज्वलाबाईंकडे वळल्या. "तुम्ही गणिताच्या ना? मग तुम्हाला सांगायला मजा येईल. आपल्याला हे चित्र दिसतं, यंत्राला आकडे दिसतात. शरीराचे लाखो बारीक ठोकळे आणि प्रत्येकाला एक आकडा. पाण्याला शून्य, चरबीला त्याच्या खाली, हाडाला कितीतरी वर. माणसाच्या डोळ्याला त्यातल्या थोड्याच छटा वेगळ्या ओळखू येतात. यंत्र एकेका ठोकळ्याची त्याच्या शेजाऱ्यांशी तुलना करतं. साधी गाठ असते ना, ती लोण्यासारखी असते, कुठूनही घ्या, एकसारखी. ही बघा." त्यांनी एक बटण दाबलं. करड्या सुपारीवर तांबडे-निळे कण उमटले. "ही रवाळ आहे. कढवलेलं तूप थिजल्यावर होतं तशी. अशा हजारो गाठी यंत्रानं पाहिल्यात, ज्या पुढे काढल्या गेल्या आणि ज्यांचं निदान पक्कं झालं. त्यांच्याशी ताडून ते म्हणतंय, ही फिओक्रोमोसायटोमा जातीची असण्याची शक्यता सत्त्याऐंशी टक्के."

"सत्त्याऐंशी टक्के म्हणजे कशातले?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. "हा प्रश्न मला कुणी विचारत नाही. म्हणजे हुबेहूब अशा दिसणाऱ्या शंभर गाठी घेतल्या, तर त्यातल्या सत्त्याऐंशी तशा निघतात आणि तेरा नाहीत. तुम्ही त्या तेरांत असू शकता. म्हणून रक्त तपासायचं. यंत्र बोट दाखवतं, निकाल रक्त देतं."

"आणि तशी असली तर?"

"तर ती मधूनमधून रक्तात खूप जोरकस रसायनं सोडते. एरवी समोर वाघ आला तर शरीर जे सोडतं तेच. फक्त वाघ नसतो." त्यांनी चष्मा खाली घेतला. "तुम्हाला कधी एकदम घाम, धडधड, भीती असं काही होतं का?"

मायलेकी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"होतं," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

"कधी होतं? म्हणजे त्याच्या आधी काय करत असता? खाली वाकणं, पोटावर दाब येणं, काही जड उचलणं?"

असं त्यांना कधीच कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी विचारलं होतं ते धडधडीनंतर काय झालं ते. उज्ज्वलाबाई आठवू लागल्या. प्लॉट बघायला गेल्या तेव्हा त्या चपलेत गेलेला काटा काढत होत्या. सहलीच्या आदल्या दिवशी कॉटखालची पेटी ओढली होती. बोलता बोलता त्यांचा आवाज उतरत गेला.

"पोतदार मंडळी आली त्या दिवशी," त्या केतकीकडे न पाहता म्हणाल्या, "मी चांगले कप काढायला खालच्या कपाटात वाकले होते. कप पार मागे होते. बराच वेळ वाकून होते मी."

केतकी उठून खिडकीपाशी गेली.

"दरडीच्या दिवशी?" तिनं बाहेर बघतच विचारलं.

"यांची बॅग बंद होत नव्हती. मी पोटानं रेलून चेन ओढली."

डॉ. मुजावरांना दरडीची गोष्ट सांगावी लागली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. मग म्हणाल्या, "त्याबद्दल मी काही सांगू शकत नाही, ताई. चार वर्षांपूर्वी गाठ होती, हे चित्र आहे. चौदा वर्षांपूर्वीचं चित्र माझ्याकडे नाही. काही गाठी फार सावकाश वाढतात, तेव्हा असेलही. नसेलही. ज्याचा फोटोच नाही, ते यंत्रालाही वाचता येत नाही."

*

रक्तानं यंत्राचं म्हणणं खरं ठरवलं. नव्या स्कॅनमध्ये गाठ लिंबाएवढी झाली होती. काढायलाच हवी होती, आणि तीही जपून, कारण तयारीशिवाय हात लावला तर ती एकदम सगळा साठा रक्तात रिकामा करू शकते.

साताऱ्याला घरी तिघं बसली तेव्हा पहिल्यांदा जयसिंगराव भडकले.

"काढायची कशाला? औषधानं ताब्यात राहत असेल तर राहू दे. त्या गाठीमुळे मी आज इथे बसलोय."

"बाबा, त्या गाठीमुळे रक्तदाब चढून आईच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो."

"मी कुठे नाही म्हणतो? पण उद्या तू कुठे निघालीस आणि पुन्हा तशीच दरड कोसळायची असली तर कोण सांगणार आपल्याला?"

"कोणीच नाही सांगणार!" केतकी ओरडली. "कोणालाच कोणी सांगत नाही, बाबा. सगळं जग असंच राहतं." मग ती आईकडे वळली. "कप काढायला वाकली होतीस. कप, बशा, खालचं कपाट! आणि मी सहा वर्षं दर पावसाळ्यात बातम्या बघत होते, कुठल्या मनोऱ्यावरून कोण पडलं म्हणून. मला वाटायचं, मी नाही म्हटलं तरी ते टळणार नाही."

"मी तुला नाही म्हण असं सांगितलं नव्हतं गं," उज्ज्वलाबाई कशाबशा म्हणाल्या.

"तुला सांगावं लागतच नव्हतं, आई. आम्ही तुझा चेहरा वाचायला शिकलो होतो. पुस्तकापेक्षा जास्त तोच वाचला."

ती आपल्या खोलीत निघून गेली. जयसिंगराव अंगणात जाऊन उभे राहिले.

उज्ज्वलाबाई एकट्याच बसून राहिल्या. मुलींना त्या नेहमी बजावत, नाणं उडवाल तेवढ्या सगळ्या वेळा मांडा, नुसते छापे मांडू नका. आणि स्वतःच्या घरात? धडधड शेकडो वेळा आली असेल. दरड एकदाच कोसळली. बाकीच्या वेळा कुणी मांडल्याच नव्हत्या. त्यांना हे आजच कळत होतं असंही नाही. मनातल्या मनात थोडं आधीपासून कळत होतं. पण नवरा निघताना वळून आपल्या चेहऱ्याकडे बघतो, मुलगी परीक्षेला जाताना बघते, यात एक ऊब होती. घरातल्या सगळ्यांची दोरी आपल्या छातीला बांधली आहे असं वाटायचं. ती गाठ गेली की आपण चारचौघींसारखी एक बाई. नवरा प्रवासाला निघाला तर डब्यात काय द्यायचं एवढंच जिला कळतं, अशी.

त्यांनी डॉ. मुजावरांना फोन लावला आणि तारीख घेतली. मग अंगणात जाऊन नवऱ्याला सांगितलं.

जयसिंगरावांनी आपलं मनगट चोळलं. मग म्हणाले, "तू त्या दिवशी माझा हात धरला होतास ना, ते बोटांचे वळ दोन दिवस होते मनगटावर. ते गाठीनं नव्हते केले."

"नाही," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "ते मी केले होते."

*

शस्त्रक्रियेआधी काही आठवडे रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं घ्यायची होती. त्यांनी चक्कर यायची, म्हणून पाणी भरपूर प्यायचं आणि मीठही जास्त खायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. रक्तदाबाच्या माणसानं मीठ वाढवायचं, हे काही जयसिंगरावांच्या पचनी पडेना. ते प्रत्येक जेवणाला पुण्याला फोन करून खात्री करून घेत. केतकी रागावलेली होती, पण रजा टाकून राहिली. दंडावरच्या पट्टीतले आकडे ती रोज बघायची, औषधं द्यायची, आईला उठताना हात द्यायची. बोलायची फक्त कामापुरतं. एकदा केस विंचरताना मात्र तिनं आईच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि तशीच उभी राहिली. उज्ज्वलाबाई हलल्या नाहीत.

शस्त्रक्रिया छोट्या छिद्रांतून झाली. गाठीला पहिल्यांदा स्पर्श झाला तेव्हा रक्तदाब छताला जाऊन भिडला, आणि तो खाली यायला भूल देणाऱ्या डॉक्टरांना पुष्कळ धावपळ करावी लागली, हे उज्ज्वलाबाईंना नंतर कळलं. जाग आली तेव्हा आत विलक्षण शांत होतं. पंखा सुरू असतो तोवर त्याचा आवाज जाणवत नाही आणि वीज गेल्यावर खोली एकदम मोकळी वाटते, तसं.

केतकी उशाशी होती. "आई, मी आलोकला फोन करणारे," ती म्हणाली. तिचा चेहरा, सवयीनं, आईच्या चेहऱ्यावर खिळला होता.

उज्ज्वलाबाईंनी डोळे मिटून घेतले. "माझ्याकडे बघू नकोस," त्या म्हणाल्या. "फोनकडे बघ."

आलोक आता रत्नागिरीसमोरच्या समुद्रात उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांवर काम करत होता. त्याचं लग्न एकदा ठरून मोडलं होतं. केतकी त्याला भेटायला गेली ती दोन दिवसांसाठी, आणि परत आली तेव्हा काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा गेली. आईनं विचारलं नाही. विचारायचं नाही हे काम उज्ज्वलाबाईंना शस्त्रक्रियेहून जड गेलं.

दिवाळीनंतर तो घरी आला. या वेळी एकटाच. दारात त्यानं उज्ज्वलाबाईंना वाकून नमस्कार केला.

"आलोक, त्या दिवशी मी..."

"काकू, केतकीनं सांगितलं सगळं," तो म्हणाला. "सहा वर्षं मला वाटत होतं, माझ्या तोंडावरच काहीतरी लिहिलेलं आहे. आरशात बघून बघून दमलो. आता कळलं, दोष कपांचा होता." आणि असा मोकळा हसला की जयसिंगराव पेपरामागून हसले.

*

लग्न होऊन चार महिने झाले होते. वैशाख सरत आला होता. केतकी काही कामानं साताऱ्याला आली होती, आणि आलोक समुद्रात होता. दुपारी बातमी आली की अरबी समुद्रातलं वादळ दिशा बदलून किनाऱ्याकडे वळलंय. मनोऱ्यांवरच्या माणसांना बोटींनी परत आणत आहेत. आलोकचा फोन लागेना. त्याच्या कंपनीतला माणूस म्हणाला, शेवटची बोट निघाली एवढंच कळलंय, त्यापुढे संपर्क नाही.

केतकी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात खाली बसली. उज्ज्वलाबाई तिच्यासमोर बसल्या आणि त्यांना छातीत ते जाणवलं. ठोके. जोरात, भराभर. तळव्यांना घाम फुटला.

केतकीनं ते पाहिलं. ती पांढरी पडली. "आई," ती म्हणाली. "आई, तुला धडधडतंय."

दारात उभे असलेले जयसिंगराव जागच्या जागी थिजले. क्षणभर ते घर त्या दिवसांत मागे गेलं, जेव्हा या बाईच्या चेहऱ्यावर सगळ्यांचं भविष्य लिहिलेलं असे. उज्ज्वलाबाईंनाही वाटलं, ती गाठ परत आली की काय. पण मागच्याच आठवड्यातलं रक्त अगदी स्वच्छ होतं, डॉ. मुजावरांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं. मानेमागे गारवाही नव्हता. ही फक्त भीती होती, आणि ती कशाची आहे ते त्यांना नीट माहीत होतं.

त्यांनी केतकीचा हात धरला आणि तिच्याच छातीवर ठेवला.

"तुझंही धडधडतंय बघ. तुझ्यात कुठे गाठ आहे? यांनाही विचार." जयसिंगरावांनी मान हलवली. "मला काही कळत नाही, केतकी. तो येईल का, केव्हा येईल, काही म्हणजे काही कळत नाही. बाकीच्या आयांना जेवढं कळतं तेवढंच. मी घाबरलेय, एवढंच खरं."

केतकी आईच्या कुशीत शिरली आणि रडायला लागली. लहानपणीही ती आईजवळ अशी रडली नव्हती. तेव्हा आईलाच सांभाळायचं असे. जयसिंगराव आले आणि गुडघे धरत त्या दोघींशेजारी फरशीवर बसले. तिघं तशीच बसून राहिली. बाहेर आभाळ भरून आलं होतं, दोरीवरचे कपडे फडफडत होते, पण कुणी उठलं नाही. थोड्या वेळानं उज्ज्वलाबाईंनीच कणीक मळायला घेतली, कारण हाताला काहीतरी हवं होतं. केतकी बसल्या बसल्या भाजी निवडू लागली.

दिवेलागणीला फोन वाजला. अनोळखी क्रमांक होता. केतकीला फोन उचलवेना. उज्ज्वलाबाईंनी कणकेच्या हातानं तो कानाला लावला.

"काकू, मी आलोक. जयगडला पोचलो. सगळे ठीक आहोत. माझा फोन भिजला, हा दुसऱ्याचा..."

"अरे, पण कळवायचं ना!" उज्ज्वलाबाईंचा आवाज असा चढला की शेजारच्या गच्चीवर कपडे काढणारी बाई थांबून बघू लागली. "इथे तीन माणसं फरशीवर बसून आहेत दुपारपासून! बोटीवर एकाचाही फोन चालत नव्हता? बंदरावर कुणी माणूस नव्हता? किनाऱ्याला लागल्या लागल्या पहिलं काम काय असतं माणसाचं? आणि जेवलास का?"

तिकडून काहीतरी गुळमुळीत उत्तर आलं.

"चहावर जेवण होतं का रे?" त्यांनी फोन केतकीपुढे धरला. कणीक लागलेला फोन केतकीनं दोन्ही हातांनी घेतला.

"आधी तू बोल," उज्ज्वलाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "पण ठेवू नकोस. मग मला परत दे. माझं रागावून झालेलं नाही."